मशीनच्या पायाखालचे कागद

शिवणक्लासची फरशी सकाळी कितीही नीट झाडली तरी संध्याकाळी मशीनखाली कातरणाचा ढीग असतोच. मुद्दाम कुणी टाकत नाही. काम चालू असतं आणि चिंध्या आपोआप खाली पडत राहतात. आमच्या रविवारच्या मंडळींच्या गोष्टींचंही असंच झालंय. सांगायच्या म्हणून त्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या. पण आता पायात यायला लागल्यात, म्हणून म्हटलं, एकदा गोळा कराव्यात.

खरं तर हे काम आमच्यातल्या सावंतकाकांचं. ते बोलायला लागले की थांबत नाहीत. मी शाळेत हजेरीला "प्रेझेंट" म्हणते तेसुद्धा बाईंना ऐकू जात नाही, आणि वर्गात बसलेली असून माझी गैरहजेरी लागते. पण बोलणारे बोलतात आणि विसरून जातात. मला सगळं लक्षात राहतं, कारण त्या वेळी मी दुसरं काहीच करत नसते.

*

आधी जागा सांगते. घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर नलिनीताई कांबळेंचा शिवणक्लास आहे. आठवडाभर तिथे बायका ब्लाउज शिवायला शिकतात. रविवारी दुपारी मशीन बंद असतात, आणि तेव्हा तिथे लिहिणारी माणसं येतात. माणसं म्हणजे आम्ही चौघंच. स्वतः नलिनीताई, बस चालवून रिटायर झालेले सावंतकाका, इंजिनीअरिंगला असलेला आणि त्याबद्दल वाईट वाटणारा कवी ऋत्विक, आणि नववीतली मी, सानिका.

आमची पद्धत नलिनीताईंनी घालून दिलेली आहे. आपण लिहिलेलं आपण वाचायचं नाही. शनिवारी संध्याकाळी ताई क्लासचं दार उघडं ठेवून आत स्वयंपाकाला जातात. तेवढ्या वेळात ज्याने त्याने यायचं, आपला कागद कुठल्याही मशीनवर ठेवायचा आणि सुईजवळचा तो छोटा लोखंडी पाय त्याच्यावर दाबून निघून जायचं. नाव घालायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचं. रविवारी जो ज्या मशीनवर बसेल, त्याने त्या पायाखालचा कागद काढून मोठ्याने वाचायचा.

वाचून झालं की थोडा वेळ शांत बसायचं. लिहिणाऱ्याला वाटलं तर तो म्हणतो, "माझं." नाही वाटलं तर नाही म्हणत. मग तो कागद ताईंच्या ड्रॉवरमध्ये जातो. "हे कुणाचं?" असं मात्र कुणी विचारायचं नाही. कधीच नाही.

"नाव आधी कळलं की माणसं कागद ऐकत नाहीत," ताई म्हणतात. "तोंड बघत बसतात."

मी तिथे गेले ती शिवण शिकायला. मेच्या सुट्टीत आईने नाव घातलं होतं. "निदान हूक तरी लावता येतील," ती म्हणाली होती. एका रविवारी मी क्लासमध्ये विसरलेला टेप आणायला गेले, मोकळ्या मशीनवर टेकले, आणि समोरचे पांढऱ्या मिशांचे काका म्हणाले, "वाच गो चेडवा." नाही म्हणायला जेवढा आवाज लागतो तेवढाही माझ्याकडे नव्हता, म्हणून वाचलं. पाच-सात मिनिटं माझाच आवाज त्या खोलीत फिरत होता. मला तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला, आणि आवडला.

तेव्हापासून जाते. घरी अजून वाटतं की मी शिवण शिकते. मी खोटं बोललेले नाही. "क्लासला जाते" एवढंच सांगते, आणि क्लासलाच जाते.

माझी अडचण एकच आहे. ताईंच्या ड्रॉवरमध्ये जे कागद साठलेत त्यातले बरेचसे माझे आहेत. दर शनिवारी कागद दाबून येते, दर रविवारी तो वाचला जातो, आणि नंतरच्या त्या शांततेत मला एक शब्द म्हणायचा असतो. घरी बाथरूममध्ये म्हणून बघते. तिथे येतो. इथे येत नाही.

*

सावंतकाकांना ठाम वाटतं की त्यांचं लिखाण कुणालाही ओळखू येत नाही.

त्यांच्या प्रत्येक गोष्टीत एक घाट असतो. घाटात बस बंद पडते. ड्रायव्हर मागे वळून बघतो, तर शेवटच्या सीटवर एक बाई बसलेली असते, आणि तिने तिकीट काढलेलं नसतं. एकदा बाईच्या जागी बोकड होता, तेव्हा आम्ही थोडा वेळ फसलो होतो. काकांनी जन्मभर बस चालवली ती घाटकोपर ते वांद्रे. वाटेत सिग्नल भरपूर आहेत, घाट नाही.

त्यांची गोष्ट वाचली जात असताना काका पंख्याकडे बघत बसतात. चेहरा असा, की जणू शेजारच्या घरातलं बोलणं चुकून कानावर पडतंय. वाचून झालं की मान हलवतात.

"लिवणाऱ्याचो हात बरो आसा," ते म्हणतात. "कोण आसा देव जाणे."

ताई शांतपणे म्हणतात, "कुणीतरी ड्रायव्हर असावा."

काका नीट विचार करतात. "तसा वाटता खरा."

मग खोली शांत होते, आणि काका हळूच म्हणतात, "माझां." अशा वेळी सगळ्यांनी चकित व्हायचं असतं. ऋत्विकला ते सगळ्यात चांगलं जमतं. त्याचा पेनच हातातून खाली पडतो.

*

एका रविवारी काकांचा कागद ऋत्विकच्या वाट्याला आला. त्याची परीक्षा आदल्याच दिवशी संपली होती. पंखा फिरत होता, खिडकीच्या जाळीतून ऊन आत येऊन मशीनच्या चाकांवर बसलं होतं, आणि ऋत्विकचा आवाज हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखा होत गेला. बस दुसऱ्या वळणावर आली तेव्हा दोन माणसं झोपलेली होती. त्यातला एक वाचणारा होता.

काका उठले. चप्पल घालून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. ऋत्विक त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आला. काकांनी त्याला सरबत दिलं आणि सांगितलं, "माका काय राग नाय. मी लिवणाच सोडलंय."

मला खूप वाईट वाटलं. लिहिणं सोडता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी काही लिहिलं नाही, म्हटलं बघू, सुटतं का. कागद न घेता झेरॉक्सच्या दुकानासमोरून गेले की उगाच काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं.

मग ताईंना सावंतकाकूंचा फोन आला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला.

"ताई, ह्यांका परत बोलवा हो."

"अहो, पण ते म्हणाले लिहिणं सोडलंय."

"खयचा सोडतत. आता माका वाचून दाखवतत. सकाळी. मी दात घासत असताना. माका मधी काय बोलूकसुद्धा येणा नाय."

*

ऋत्विकची तब्येत त्याच्या शर्टावरून कळते. कविता जमली असेल तर शर्ट इस्त्रीचा असतो. जमली नसेल तर तोच शर्ट, पण बटणं एक घर सोडून लावलेली. तो कविता बाहेर पाठवतो, आणि मग दिवसभर मोबाईल उघडून मेल बघतो. आम्ही तिघं त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, म्हणजे आम्हाला मेल बघावा लागत नाही.

एकदा एका दिवाळी अंकाने त्याची कविता घेतली. त्या दिवशी शर्ट तर नवाच होता. त्याने सगळ्यांना समोसे आणले. काकांनी त्याला मशीनसमोरच्या स्टुलावर उभं करून फोटो काढला, आणि तो फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, ज्यात आम्ही चौघंच आहोत.

अंक आला. ऋत्विकने तो उघडला, आणि बसला तो भिंतीकडे तोंड करून.

त्याच्या कवितेच्या शेवटच्या चार ओळी गायब होत्या. त्या जागी प्रेशर कुकरची जाहिरात होती. कविता 'आणि तू दार उघडलंस तेव्हा' इथे संपत होती, आणि खाली भला मोठा कुकर.

काका म्हणाले, "कुकर चांगल्या कंपनीचो आसा." ताईंनी त्यांच्याकडे बघितलं.

दोन दिवसांनी ऋत्विकला बोरिवलीहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. कवितेखाली त्याचा नंबर होता. तो आम्हाला नंतर सांगत होता, तेव्हा त्याचा चेहरा कुठल्या बाजूला जावं हे न कळल्यासारखा झाला होता. बाई म्हणाल्या होत्या, "काय शेवट केलाय हो! दार उघडल्यावर काय झालं ते सांगितलंच नाही. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले कितीतरी वेळ."

"मग?" ताईंनी विचारलं. "तुझ्या मूळ चार ओळींत काय होतं?"

ऋत्विक म्हणाला, "चंद्र होता."

"बरा झाला कापल्यानी," काका म्हणाले.

आता त्याची कविता वाचून झाली की ताई नुसतं विचारतात, "कुकर लावलास का?" तो रुसतो, घरी जातो, आणि लावून आणतो.

*

विमानाचं सांगायला हवं. उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात, इतकी खालून की पोटातून बाहेर आलेली चाकं दिसतात. तेव्हा कुणाचं काही ऐकू येत नाही. म्हणून वाचणारा ज्या शब्दावर असेल तिथे थांबतो. कागद हातात, बोट त्या शब्दावर. बाकीचे तो शब्द मनात धरून बसतात. सुया थरथरतात, टेबलावरचा खडू जरासा सरकतो. कधी हातात 'नदी' असते, कधी 'परंतु' असतं. मला ती वेळ सगळ्यात आवडते. विमानातली माणसं घरी पोचल्यावर सामान काढतील, हातपाय धुतील, आणि त्यांना कधी कळणार नाही की खाली चार माणसं एक शब्द धरून त्यांच्यासाठी थांबली होती.

तर माझा पहिला कागद. दोन पानं होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून टाकी भरण्याचा आवाज ऐकणारी एक मुलगी. तिला वाटतं की सगळी इमारत झोपेत पाणी पितेय. बाकी त्यात काही घडत नाही. पण तो आवाज शब्दांत आणायला मला तीन आठवडे लागले होते.

कागद सावंतकाकांकडे गेला. काकांनी सुरुवात चांगली केली. पहिलं पान संपत आलं आणि विमान आलं. काका थांबले. त्याच वेळी पंख्याच्या वाऱ्याने दुसरं पान उडालं आणि कपाटाखाली गेलं. ते मी पाहिलं. काकांनी नाही. विमान गेल्यावर त्यांनी हातात बघितलं, पुढे काही नव्हतं. पण काका कधी घाटात थांबलेले नाहीत. ते पुढे म्हणाले:

"...आणि तिने मागे वळून बघितलं, तर टाकीच्या पलीकडे एक बाई बसलेली होती."

मी ओरडणार होते. पण मी कधी ओरडलेली नाही, त्यामुळे ते कसं सुरू करतात ते आठवेपर्यंत काका शेवटाला पोचले होते. बाईने तिकीट काढलेलं नव्हतं.

खूप वेळ कुणी बोललं नाही.

"शेवट अनपेक्षित आहे," ताई म्हणाल्या.

ऋत्विक म्हणाला, "गच्चीवर तिकीट कसलं?" मग स्वतःच म्हणाला, "पण तेच भारी आहे यार."

काका कागद उलटसुलट करून बघत होते. "माझां नाय ह्या," ते म्हणाले. "पण शैली वळखीची वाटता."

त्या शांततेत मला "माझं" म्हणता आलं असतं. पण मी म्हणणार कसं? ज्याचं कौतुक झालं तो भाग माझा नव्हता. माझा भाग कपाटाखाली होता. घरी जाताना मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी शेजारच्या आजींना नमस्कार करायची विसरले.

*

नलिनीताई लिहितात ते कागदाच्या कटिंगवर. म्हणजे ब्लाउजचं माप आधी ज्या मोठ्या कागदावर काढून कापतात, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला. हातात पेन्सिल असतेच, असं त्या म्हणतात. नंतर सवडीने मोबाईलवर टाइप करतात.

एकदा सवड झाली नाही. लग्नाचा सीझन होता. ताईंनी शुक्रवारी एक अख्खी गोष्ट लिहिली, आणि शनिवारी घाईघाईत त्याच कागदावर माप टाकून तो कापला. रविवारी त्या तुकडे घेऊन बसल्या होत्या. आम्ही गोष्ट वाचली ती अशी: आधी पाठ, मग डावी बाही, मग उजवी. एका बाईने घर सोडलंय, पिशवी घेऊन ती एसटी स्टँडवर आलीय, आणि तिची गाडी लागलीय. इथे उजवी बाही संपली. पुढचा भाग गळ्यात होता. गळ्याचा तो कापून काढलेला अर्धगोल तुकडा काही सापडेना. आम्ही चौघं फरशीवर रांगत होतो. ताई स्वतः लिहिलेलं विसरल्या होत्या. "लिहिताना पक्कं माहीत होतं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा माझ्या वर्गातल्या मुलीसारखा दिसला.

मंगळवारी गिऱ्हाईकाचा फोन आला.

"ताई, ब्लाउज अगदी बरोबर बसला. त्याच्या घडीत एक कागदाचा तुकडा आलाय. पण ती गाडीत चढली की नाही?"

"कोण?"

"अहो, तुमच्या गळ्यावरची बाई. एवढंच लिहिलंय की तिने पायरीवर पाय ठेवला. पुढे कापलंय."

ताई म्हणाल्या, "मलाही बघायचंय. तो तुकडा घेऊन या."

बाई तुकडा घेऊन आल्या. शिवाय नवीन कापडही घेऊन आल्या. "याचाही ब्लाउज शिवा," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी गळा मोठा काढा."

*

मध्ये एक काळ असा आला की कुणालाच काही सुचेना. ऋत्विकची बटणं चुकायला लागली. काकांची बस घाटापर्यंतच पोचेना. ताई म्हणाल्या, "मी नुसते ब्लाउज शिवतेय." मी पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक फूल काढायची, मग त्याला पानं काढायची, मग वेळ संपायचा.

त्या रविवारी एकाच मशीनच्या पायाखाली कागद होता. ऋत्विकने तो काढला, उघडला, आणि थांबला. मग त्याने तो आमच्याकडे फिरवला. कोरा होता. दोन्ही बाजूंनी.

पण पद्धत म्हणजे पद्धत. ऋत्विकने तो दोन्ही हातांत धरला आणि वाचू लागला. म्हणजे डोळे एकेका ओळीवरून नेऊ लागला, पान संपेपर्यंत. आम्ही ऐकत होतो. खिडकीबाहेर कुणीतरी गादी झोडत होतं. एका मशीनवर अर्धा शिवलेला निळा ब्लाउज होता, त्याची बाही वाऱ्याने हलत होती. मध्येच विमान आलं, तर ऋत्विक थांबला. कुठल्या शब्दावर ते त्यालाच माहीत. विमान गेल्यावर तिथूनच पुढे सुरू केलं.

संपलं. मग नेहमीची शांतता.

"ह्या मात्र माझां," सावंतकाका म्हणाले. आणि त्या दिवशी आम्ही खरोखर चकित झालो, कारण तो बाईशिवायचा त्यांचा पहिलाच कागद होता.

*

आता आईचं.

माझी आई अंधेरीला एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर काम करते. मेट्रोने येते-जाते. रविवारी ती झोपते, म्हणून रविवार माझा असतो. पण मावशीच्या साखरपुड्यासाठी तिने मला ब्लाउजला हूक लावायला दिले, आणि मी ते सगळे उलट्या बाजूने लावले.

"इतके महिने क्लासला जातेस ना गं तू?" ती ब्लाउज हातात धरून म्हणाली. "काय शिकवतात तिथे?"

त्याच रविवारी आम्ही बसलो असताना दारात आई उभी होती. पिशवीत ब्लाउज.

"या, या, बसा," नलिनीताई म्हणाल्या, आणि आई खिडकीजवळच्या मशीनवर बसली. त्या मशीनच्या पायाखाली कागद होता. तो माझा होता.

ऋत्विकला काय दिसलं कोण जाणे. तो उठून म्हणाला, "काकू, इकडे बसा ना, इकडे पंखा आहे."

"नको, इथे बरं आहे." आईने कागदाकडे बघितलं. "हे काय?"

सावंतकाकांनी सवयीने सांगितलं, "वाचा."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. पण तोवर आईने मशीनचा पाय उचलून कागद काढला होता. बिल वाचून दाखवावं तशी ती भराभर वाचायला लागली.

"एक बाई रोज संध्याकाळी कामावरून येते. बिल्डिंगखाली पोचते, पण लगेच वर जात नाही. जिन्याखाली लाइटचे मीटर आहेत, तिथल्या पायरीवर बसते. पर्स मांडीवर ठेवते आणि डोळे मिटते. वर तिच्या घरात दिवा लागलेला असतो. तिला हाका मारणारी माणसं वर आहेत. त्यांना वाटतं, ती अजून आली नाही."

इथे आईचा वेग कमी झाला.

"एकदा तिची मुलगी दूध आणायला निघाली. तिने वरच्या वळणावरून आईला पाहिलं, आणि पाय न वाजवता परत गेली. घरी सांगितलं, दूध संपलं होतं. बाई पायरीवर बसलेली असते तेव्हा ती घरी आलेली असते, पण..."

विमान आलं. आईला आमची पद्धत माहीत नव्हती, तरी ती थांबली. तिचं बोट 'पण' वर होतं. मला वाटलं, हे विमान जाऊच नये.

ते गेलं. "पण अजून कुणाची नसते," आईने वाचलं. एवढंच होतं.

नेहमीची शांतता आलीच नाही. आईने मान वर केली आणि जे त्या खोलीत आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. काउंटरवर कुणी रांग मोडून पुढे आलं की लागतो, त्या आवाजात.

"कुणी लिहिलंय हे?"

"मियां लिवलंय," सावंतकाका म्हणाले.

आई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही मला ओळखता?"

"नाय."

"मग मी जिन्याखाली बसते ते तुम्हाला कसं कळलं?"

काकांनी पंख्याकडे बघितलं. "कल्पनाशक्ती."

"काकू, ते खरं तर मी लिहिलंय," ऋत्विक म्हणाला. "काका बसवाले आहेत. ते जिन्यावर लिहीत नाहीत."

"दोघंही उगाच काहीतरी सांगतायत," नलिनीताई म्हणाल्या. "माझं आहे ते." इतक्या शांतपणे म्हणाल्या की क्षणभर मलाच खरं वाटलं.

तिघांपैकी एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. इतकं नीट न बघणं मी कधी पाहिलं नव्हतं. ड्रॉवरमधले सगळे कागद कुणाचे आहेत, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"माझं," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. काका आईला सांगत होते की लेखकाला काय काय दिसतं.

मी उठून उभी राहिले. स्टूल पडलं. "आई, ते माझं आहे. मी लिहिलंय."

माझा आवाज खोलीभर झाला. काका बोलायचे थांबले. आई माझ्याकडे बघत राहिली, मग कागदाकडे, मग परत माझ्याकडे. तिने कागदावर बोट ठेवलं, वर, जिथे बाई पायरीवर बसते तिथे.

"मी डोळे नाही मिटत," ती म्हणाली.

"काय?"

"तू इथे लिहिलंयस, डोळे मिटते. नाही मिटत मी. समोरच्या तळमजल्यावर कुणीतरी पेटी शिकतंय. रोज तेच गाणं, रोज त्याच जागी चुकतं." तिने कागद माझ्यापुढे धरला. "एकदा बरोबर वाजलं की उठायचं, असं ठरवून बसते."